लेबलावरचे शेत आणि पेल्यातली राय

बर्बन या मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीच्या बाटलीवर ‘आमच्याच परिसरात पिकलेल्या धान्यापासून’ असे छापलेले दिसले, की त्या वाक्याचा चवीशी नेमका संबंध किती, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दिवाळीत आतेभाऊ अमेरिकेहून साताऱ्याला आला, तेव्हा विमान प्रवाशाला करमुक्त आणता येणाऱ्या २ लिटरच्या मर्यादेत त्याने इंडियाना राज्यातल्या एका छोट्या डिस्टिलरीची बाटली आणली होती. (परवाना काढलेला आहे, विचारणाऱ्यांनी निश्चिंत असावे.) लेबलावर धान्याचे प्रमाण स्वच्छ दिले होते : मका ६० टक्के, राय हे गव्हासारखे धान्य ३६ टक्के आणि उरलेले ४ टक्के मोड आणून वाळवलेले सातू. चार वर्षे पिंपात मुरलेली, ५० टक्के अल्कोहोलची.

अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के असावा लागतो, ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते आणि पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांच्या वर असून चालत नाही. उरलेले धान्य कोणते आणि किती घ्यायचे, हे बनवणाऱ्याच्या हातात असते. साधारणपणे राय १० ते १५ टक्के असते. ती विसाच्या वर गेली, की लोक तिला ‘हाय-राय’ म्हणू लागतात, पण या नावाला कायद्यात व्याख्या नाही. फोर रोझेस या प्रसिद्ध बर्बनच्या दोन धान्य-मिश्रणांपैकी एकात राय २० टक्के, तर दुसऱ्यात ३५ टक्के असते, म्हणजे आमच्या हातातली बाटली नावाला जागणारी होती.

आता ‘स्थानिक’ या दाव्याकडे वळू. इंडियानात मका स्थानिक असणे हे कऱ्हाडात ऊस स्थानिक असण्याइतकेच सहज आहे. त्यात मिरवण्यासारखे काही नाही. रायचे मात्र तसे नाही. हे गव्हाच्या जवळचे, कडक थंडी सोसणारे धान्य असून अमेरिकेतल्या अनेक मोठ्या डिस्टिलऱ्या ते कॅनडातून किंवा उत्तर युरोपातून मागवतात. इंडियानाच्या पट्ट्यातले शेतकरी राय पेरतात खरे, पण बरेचदा हिवाळ्यात जमीन उघडी पडून वाहून जाऊ नये एवढ्यासाठी, आणि दाणे भरण्याआधीच ती मोडून त्या जागी मका किंवा सोयाबीन घेतात. त्यातच रायचा आंबवण डिंकासारखा चिकट होतो आणि फसफसून वर येतो, त्यामुळे भट्टीवरच्या माणसांनाही ती नकोशी वाटते. अशा स्थितीत कोणी शेजारच्या शेतकऱ्याला राय दाण्यासाठी पिकवायला लावून तिचे प्रमाण ३६ टक्क्यांवर नेत असेल, तर त्या छापील वाक्याचा खरा अर्थ रायपुरता आहे, असे माझे मत झाले.

बर्फ न घालता, पेल्यात ओतून थोडा वेळ तशीच ठेवली. पहिला वास व्हॅनिलाचा आणि करपू लागलेल्या साखरेचा, म्हणजे धान्याचा नव्हे, तर लाकडाचा. जाळलेल्या ओकमधून हेच उतरते आणि ते जवळजवळ प्रत्येक बर्बनमध्ये सापडते. त्यामागून बडीशेप, लवंग आणि पुदिन्याचा थंडपणा आला. जिभेवर मक्याचा गोडवा क्षणभर टिकला आणि लगेच कडांना मिरीसारखा तिखटपणा पसरला. ५० टक्क्यांचा चटका बोथट करण्यासाठी चमचाभर पाणी घातले, तेव्हा कुठे नुकत्या भरडलेल्या धान्याच्या कोंड्याचा कोरडा वास वर आला, आणि त्या बाटलीतले मला सर्वांत आवडले ते हेच. सोबतीला कंदी पेढा ठेवला होता. खवा खरपूस भाजल्याची त्याची चव पिंपाच्या चवीशी इतकी मिळून गेली, की पेढ्यानंतरच्या घोटात फक्त राय उरली. चिवड्याने मात्र सगळा विचका केला.

ही चव इंडियानाच्या मातीची आहे, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पिंप बोलू लागले, की धान्याचा आवाज दबतो. चार वर्षांत तो ऐकू येतो, बारा वर्षांत येईलच असे नाही. अधिक मार्मिक प्रश्न कोरेगावच्या मामांनी विचारला. ते स्वतः घेत नाहीत, पण मका पिकवतात, पेल्याचा वास घेऊन म्हणाले, “बियाणं कंचं हुतं? गावरान का हायब्रीड?” लेबलावर त्याचा उल्लेख नव्हता. मालदांडी ज्वारीची भाकरी घासागणिक ओळखणाऱ्या माणसाला शेताचा पत्ता सांगून वाण न सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय. अमेरिकेतही बहुतेक बर्बन बाजारात सरसकट मिळणाऱ्या पिवळ्या ‘डेंट’ (दाण्याच्या माथ्यावर खळगा पडणाऱ्या) मक्याची असते, पण चार्ल्‌स्टनच्या हाय वायर डिस्टिलरीने ‘जिमी रेड’ हा नामशेष होऊ घातलेला लाल मका पुन्हा लावून घेतला आणि त्याचे नाव थेट बाटलीवर छापले. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मूळ मद्यार्क बहुधा साखर कारखान्यांच्या मळीचाच असतो. तिथे वाणाची चौकशी कोण करणार?

बाटली निम्मी शिल्लक आहे. ५० टक्क्यांची, पाण्याचा एक चमचा आणि पेढ्याचा एक तुकडा एवढ्यावर ती उत्तम लागते. बर्फात मात्र रायचा पुदिना पार मरतो. आतेभावाला पुढच्या खेपेस राय कोणत्या वाणाची, हे डिस्टिलरीत विचारून यायला सांगितले आहे, आणि मामांनी मक्याचेही विचारायला बजावले आहे.