माझा अनुभव : केव्ह डायव्हिंग शिकायला मला अडीच वर्षं लागली

केव्ह डायव्हिंग, म्हणजे पाण्यानं भरलेल्या गुहेत हवेची टाकी लावून शिरणं, कसं शिकलास असं गावाकडून, ऑफिसातून बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी औसा तालुक्यातला, पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत. सात परस खोल, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा आणि कमरेला चऱ्हाट, त्याचं दुसरं टोक काठावर मामाच्या हातात. रोज एक हात, दोन हात असं चऱ्हाट जास्त सोडायचा, पण एका बाजूला पाण्याखाली कपार होती तिकडं जाऊच द्यायचा नाही, कारण माझ्या जन्माआधी गावातला एक पोरगा त्या कपारीत अडकून गेला होता.

कंपनीनं फ्लोरिडाला टँपात पाठवलं तेव्हा माझ्याकडं ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड या स्कूबाच्या सुरुवातीच्या दोन कोर्सची कार्डं होती, सुरुवात तारकर्लीला आणि पुढचं अंदमानला, साठेक डाइव्ह झालेल्या, वाटायचं आता येतं की सगळं. मग तिथल्या जिनी स्प्रिंग्स नावाच्या झऱ्यांवर गेलो. पाणी 22 डिग्री, काचेसारखं स्वच्छ, आणि खाली गुहेत जायच्या वाटेवर पाटी, तिच्यावर हातात कोयता घेतलेला सापळा. लिहिलंय की 300च्या वर डायव्हर असल्या गुहांत मेले, त्यात स्कूबा शिकवणारे इन्स्ट्रक्टरसुद्धा आहेत, आणि जीव द्यावा असं आत काहीच नाही. मी तिथूनच मागं फिरलो आणि त्याच आठवड्यात कॅव्हर्न कोर्सला, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळच्या उजेडातल्या पहिल्या टप्प्याला, नाव दिलं.

पहिला निम्मा दिवस जमिनीवरच. झाडाझाडाला दोरी बांधलेली, आपण डोळे मिटायचे, अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात धरायची आणि चालत बाहेर यायचं, ओढायची नाही, सोडायची तर अजिबात नाही. कारण गुहेच्या तळाला पिठासारखा गाळ असतो, एक फिन (पायातलं वल्हं) चुकून खाली लागला की सगळं पांढरं होतं, टॉर्च असून नसल्यासारखा, मग बाहेरची वाट सांगणारी एकच गोष्ट उरते ती दोरी. म्हणून पाय वरखाली मारायचेच नाहीत, बेडकासारखी किक मारायची, ती बसायला मला दोन महिने गेले. कॅव्हर्नची हद्द पण ठरलेली, दिवसाचा उजेड दिसत राहिला पाहिजे आणि पृष्ठभागापासून एकूण अंतर 60 मीटरच्या आत.

हे नियम कुणी उगाच केलेले नाहीत. शेक एक्सली नावाच्या डायव्हरनं 1970च्या दशकात गुहांतले मृत्यू एकेक करून तपासले, तेव्हा तीच तीच कारणं निघाली : ट्रेनिंग नाही, बाहेरपर्यंत अखंड दोरी नाही, परतीसाठी हवा राखली नाही, फार खोल गेले, दिवे कमी. म्हणून आज प्रत्येकाकडं तीन दिवे, आणि हवेचा तिसरा हिस्सा जाताना, तिसरा येताना, तिसरा अडचणीसाठी.

इंट्रो लेव्हलला, म्हणजे कॅव्हर्ननंतर गुहेत आत जायच्या पहिल्या टप्प्याला, तर दोन टाक्या पाठीवर असून जाताना सहावाच हिस्सा वापरायचा. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब 3000 पीएसआय असताना सुरू केलं की 2500ला वळायचं, समोर गुहा कितीही मोठी होत असली तरी.

इंट्रोच्या शेवटी मला कार्ड मिळालं नाही. ड्रिल अशी होती की मास्कवर काळं कव्हर, काही दिसत नाही, जोडीदाराची हवा संपलीय असं धरून त्याला आपला 2.1 मीटरचा लांब होज (हवेची नळी) द्यायचा (अरुंद जागेत एकामागं एक जाता यावं म्हणून तो एवढा लांब असतो) आणि दोघांनी दोरीवरून बाहेर यायचं. मध्येच माझ्या मास्कचा पट्टा सरकला, तो नीट करायला मी दोरी सोडली, दोन सेकंद असेल. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर एवढंच म्हणाले, आधी दहा कॅव्हर्न डाइव्ह करून ये. फार वाईट वाटलं, रात्री मामाला फोन केला तर म्हणाला, "दोर सोडल्यावर मीबी पास केलो नसतो बग तुला. जा परत, शीक."

मग दर दुसऱ्या शनिवारी सव्वादोन तास गाडी, अकरा डाइव्ह केल्या, प्रत्येकीत डोळे मिटून दोरी. इंट्रो मिळाल्यावर पण वर्षभर पुढचा कोर्स घेतला नाही. पीकॉक स्प्रिंग्स या दुसऱ्या झऱ्याच्या गुहेत मेन लाइनवरच (मुख्य दोरीवरच) जायचो, दोरीवरचे बाण जवळच्या बाहेरच्या वाटेकडं दाखवतात ते बघत. एकदा वळायच्या जागी थांबलो होतो तेव्हा लक्षात आलं की मी भूजलाच्या आत आहे. तिथला चुनखडक पाण्यानं विरघळून या गुहा झाल्यात, आपल्याकडं काळा पाषाण, पाणी काय ते भेगांत आणि मुरमात, म्हणून तर बोअर 800 फूट नेला तरी फुफाटा निघतो. 2016ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आई घागरी घेऊन रांगेत उभी होती. गळा भरून आला, पण तोंडात रेग्युलेटर असताना श्वास बिघडवून चालत नाही, म्हणून चार श्वास मोजले आणि वळलो.

अप्रेंटिस आणि फुल केव्ह या पुढच्या दोन टप्प्यांत एका दोरीवरून दुसरीवर जंप, फाट्यावर आपली खूण लावणं वगैरे, ते मला अवघड गेलं नाही. अवघड होती हरवलेली दोरी शोधायची ड्रिल. अंधारात दोरीपासून लांब सोडतात. आधी हलायचं नाही. हाताला लागेल त्या दगडाला आपला स्पूल (दोरीचं रीळ) बांधायचा, तो सोडत एका दिशेला जायचं, हात वरखाली फिरवत, नाही सापडली तर स्पूलवरून परत, दुसरी दिशा. मला चौदा मिनिटं लागली. बोटाला दोरी लागली तेव्हा आधी दोनदा चाचपून बघितलं खरंच तीच आहे का.

आता ज्यांनी विचारलं की सगळे टप्पे आठ-दहा दिवसांत होतात का, होतात, तसे कोर्स आहेत, पण माझं ऐकाल तर तसं करू नका. मी दोरी सोडली ती दिवसाचा चौथा डाइव्ह होता, दमलो होतो, आणि सलग कोर्समध्ये रोजच दमलेले असता. फुल केव्हचं कार्ड मिळाल्यावर पहिल्या चार डाइव्ह मी मेन लाइनवरच केल्या, जंप एकही नाही, आणि वळलो 2500लाच.