अकोल्याचा उन्हाळा, वरच्या मजल्यावरची एक खोली : यंदाच्या नोंदी

यंदा कूलरला सगळ्यात शेवटी हात लावायचा, हे आधीच ठरवलं होतं. खोली तीच, वरच्या मजल्यावरची दहा बाय बाराची. डोक्यावर पाच इंची स्लॅब, पश्चिमेला उघडी भिंत. मे महिन्यात ४४-४५ अंश ही अकोल्यात बातमी होत नाही. २०२४ च्या मे अखेरीला तर उन्हापायी इथे जमावबंदी लागली होती. अशा गावात लोक कूलरवर पैसा ओततात आणि वरचा स्लॅब मात्र बिनधास्त तापू देतात. माझ्या मते रात्री झोप लागणार की नाही, हे ठरवतो स्लॅब. हवा गार करणं त्या मानाने सोपं काम आहे.

मार्च

आधी मोजायची हत्यारं. काचेचे दोन थर्मामीटर घेतले आणि एकाच्या टोकाला मलमलची ओली वात बांधली. कोरड्याचा आकडा आणि ओल्याचा आकडा, एवढ्या दोन गोष्टी वहीत असल्या की उन्हाळ्याचं निम्मं गणित सुटतं. स्लॅब आणि भिंतींसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडच्या काळात कपाळावर धरायचे ते इथे कामाचे नाहीत, त्यांची पट्टी माणसाच्या तापापुरतीच असते. मेकॅनिक वापरतात तसला लागतो. तोसुद्धा चकचकीत पत्र्यावर खोटं सांगतो. पत्रा मोजायचा असेल तर त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपचं तापमान घ्या. चुना, सिमेंट, प्लास्टर यांवर त्याचा भरवसा धरता येतो.

होळी झाल्यावर गच्ची घासून चुना मारला. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवला, सकाळी जुन्या धोतराच्या कापडातून गाळला, त्यात लाकडाला लावतात तो पांढरा डिंक घातला. शेजारचे काकाजी कठड्यावरून बघत होते. "मीठ टाक ना बाबू त्याच्यात, नाहीतं साऱ्यायच्या पायाले लागते," म्हणाले. सल्ला जुना आहे आणि मातीच्या किंवा विटांच्या भिंतीला ठीकही आहे. पण स्लॅबच्या पोटात सळई असते, आणि मिठातलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपून सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो. तेव्हा आरसीसीच्या गच्चीवर चुन्यात मीठ नको. डिंकाने काम भागतं. दोन हात दिले, पहिला आडवा, दुसरा उभा.

चुना मुद्दाम फक्त या खोलीच्या वर मारला आणि बाजूच्या खोलीवरचा भाग तसाच ठेवला. ऊन तेच, वारा तोच, स्लॅबही एकच. त्यामुळे 'काल जरा ढग होते' अशी पळवाट राहिली नाही.

एप्रिल

बाहेर ४२ अंश असताना दुपारी दोनला उघड्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६१-६२, चुन्याच्या भागाचा ४६. हे आकडे बघून आनंद होतो, पण खोलीत झोपणाऱ्याला वरच्या बाजूचं काय करायचंय? खालून मोजलं तेव्हा संध्याकाळी सहा-साडेसहाला उघड्या भागाखाली ४३ आणि चुन्याखाली साडेसदतीस. खालची बाजू ऐन दुपारी सगळ्यात गरम नसते. पाच इंची काँक्रीटमधून ऊन खाली उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणून बाहेर झुळूक सुरू होते त्याच वेळी छत पेटलेलं असतं, आणि लोक म्हणतात, रात्री कूलर 'लागत' नाही. कूलर बिचारा ठीकच असतो. ४३ अंशांचं छत वरून अंगावर उष्णता फेकत असेल तर २९ अंशांच्या हवेतही घाम येतो.

आमच्या आजोबांच्या गावच्या धाब्याच्या घरात हा प्रश्न नव्हता. लाकडाच्या कड्यांवर मातीचा इतका जाड थर असायचा की दुपारचं ऊन खालपर्यंत पोचेतो पहाट व्हायची. तोवर बाहेरची हवा उतरलेली. पावसाळ्याआधी दरवर्षी वर माती टाकायचं काम मात्र होतं, आणि ते आता कोण करणार!

मग बारदानाचा प्रयोग. गच्चीवर पाणी शिंपडायची पद्धत घरोघरी आहे, पण त्यातलं बरंचसं पाणी पन्हाळातून वाहून जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता ओढली जाते. माझ्या खोलीवरचा स्लॅब अकरा चौरस मीटरचा. तो एका अंशाने उतरवायला अंदाजे २८०० किलोज्यूल लागतात. म्हणजे कागदावर दहा लिटर पाणी पूर्ण वाफ झालं तर स्लॅब आठेक अंश उतरतो. प्रत्यक्षात एवढं होत नाही. वाफ हवेकडूनही उष्णता घेते आणि भिंती स्लॅबला परत तापवत राहतात. तरी सूर्य मावळल्यावर दाल मिलची जुनी पोती पसरून त्यांवर दोन बादल्या पाणी ओतलं, तर रात्री दहाला छत खालून ३४ येतं. नुसत्या चुन्याला त्या वेळी ३६-३७ असतं. दोन बादल्यांत हे जमतं, कूलर तेवढं पाणी तीन तासांत पितो.

पाणी कुठलं, हा प्रश्न उरतोच. बोअरचं खारं पाणी स्लॅबवर नको, कारण तेच जे मिठाचं. आरओचं वाया जाणारं पाणी त्याहून खारं. आई डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवते. ते आधी कुंड्यांना जायचं, आता त्यातलं निम्मं गच्चीवर जातं. यावर घरात थोडी कुरकुर आहे. पोती सकाळी उचलून वाळत घालायची, नाहीतर कुबट वास येतो आणि चुनाही उपटून येतो. ज्यांची गच्ची गळते त्यांनी या भानगडीत पडू नये.

मे

आता कूलर. खिडकीतला, पत्र्याच्या बॉडीचा, तिन्ही बाजूंना ताट्या.

कूलर किती गार करू शकतो हे ओल्या थर्मामीटरवर ठरतं. त्या आकड्याखाली त्याची हवा उतरत नाही. बाहेर ४३ आणि ओला आकडा २३ असेल, तर मधे वीस अंशांची जागा आहे. त्यातली कूलरने किती कापली, तेवढी त्याची कर्तबगारी. नव्या लाकडी गवताच्या ताटीतून हवा २९ ला आली, म्हणजे सत्तर टक्के. वाळ्याची ताटी ३० च्या आसपास राहिली, पण वाळ्याचा वास हा वेगळा हिशेब आहे आणि त्याला माझ्या वहीत रकाना नाही. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं असलेली कागदी पॅड बसवून पाहिली, तर साडेसत्तावीस. आकड्यात ती सरळ जिंकते. पण जाड असल्याने जुन्या पंख्याला हवा खेचायला जड जातं आणि खोलीत येणारा झोत कमी होतो. पंखा बदलायची तयारी असेल तरच तिचा विचार करा.

आणि आमच्याकडे तिच्या वाटेत मोठा अडसर आहे तो पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग, इकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि आमचं घर त्याच्या कडेलाच. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, १६०० च्या घरात. कूलरमध्ये वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागे टाकीत राहतात. टाकी ४० लिटरची, तासाला साधारण दहा लिटर उडतात, फ्लोट वरून भरत राहतो. आठ तासांत ८० लिटर उडाले, म्हणजे १२० लिटरमधला क्षार ४० लिटरात गोळा. हिशेबाने ४८०० यायला हवेत. सकाळी मीटर ४४०० दाखवतो. उरलेला क्षार कुठे गेला ते ताटीकडे बघून कळतं. पांढरी, कडक, खालच्या कडेला खडे धरलेली. महिनाभरात गवताची ताटी सत्तर टक्क्यांवरून पन्नासवर येते. कागदी पॅडची घरं तर बुजूनच जातात, आणि तिची किंमत बघता जीव तुटतो.

उपाय म्हणून टाकीच्या तळाशी बारीक नळी लावून सतत थोडं पाणी सोडता येतं. पण गणित मांडा. तासाला दहा लिटर उडत असतील आणि पाच सोडले, तरी खारटपणा मूळच्या तिप्पटीवर जाऊन थांबतो. दुप्पटीवर ठेवायचा तर दहा लिटर सोडावे लागतात, म्हणजे पाण्याचा खर्चच दुप्पट. नळाला काटेपूर्णेचं पाणी येतं ते गोडं, पण रोज येत नाही, आणि ते कूलरमध्ये घालणं मला पटत नाही. म्हणून माझी पद्धत अशी : रोज सकाळी टाकी पूर्ण रिकामी करायची, त्या पाण्याने अंगण आणि ओटा धुवायचा, आणि गवताच्या ताट्या मेच्या मध्यावर बदलायच्या. टाकी रोज उपसली की डासांच्या अळ्याही होत नाहीत. गोड्या पाण्याच्या गावात राहणाऱ्यांनी खुशाल कागदी पॅड घ्यावी. खारपाणपट्ट्यात स्वस्त गवत आणि वेळेवर बदल, हेच परवडतं.

नवतपा

नवतपा म्हणजे मे अखेरीला रोहिणी नक्षत्र लागल्यावरचे नऊ कडक दिवस. त्यातल्या पहिल्या तीन दिवसांत ४५ पार. दुपारी चारला ओला आकडा २३-२४ च्या मधेच घुटमळतो, त्यामुळे कूलरला हे दिवस खरं तर सोपे. बाहेर जितकं कोरडं, तितका तो खुश.

पण हवा जायला वाट लागते. कूलरसमोरची खिडकी बंद ठेवणारे अजून भेटतात, 'गार हवा बाहेर जाते' म्हणून. ती गेलीच पाहिजे. खिडकी बंद असताना तासाभरात खोलीतली आर्द्रता ऐंशीच्या पुढे गेली आणि चादर चिकटायला लागली. समोरची झडप वीतभर उघडल्यावर साठच्या खाली. किती उघडायची याची परीक्षा उदबत्तीने करा. धूर फटीकडे संथ पण ठाम सरकला पाहिजे. मी ही वाट पश्चिमेच्या भिंतीजवळच्या खिडकीतून काढली, म्हणजे गार हवा त्या तापलेल्या भिंतीला घासून बाहेर पडते. संध्याकाळी भिंत दोन अंशांनी उतरली. फुकटात मिळालेली ही सुधारणा आहे.

पत्र्याच्या कूलरवाल्यांसाठी एक गोष्ट हात जोडून. अर्थिंग तपासा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यात लहान मुलंही असतात. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि पाणी भरताना, ताटीला हात लावताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा.

मृग

पहिली सर पडली आणि कूलरचा कारभार आटोपला. बाहेर ३६, पण ओला आकडा २८ च्या वर. मधली जागा वीसवरून आठवर आली. सत्तर टक्के कर्तबगारी धरली तरी हवा ३०-३१ ला आणि वर चिकचिक. पंप बंद, आता नुसता पंखा. चुना मात्र अजून कामावर आहे, कारण ढगांच्या फटीतून पडणारं ऊन जूनमध्येही स्लॅबला सोडत नाही. पावसाने तो हळूहळू धुपेल, ते गृहीतच आहे.

पुढच्या मोसमासाठी संत्र्याच्या नर्सरीवाल्यांकडची हिरवी जाळी आणून ठेवली आहे. स्लॅबपासून तीन फूट वर बांधायची, खालून वारा खेळता ठेवायचा, आणि निम्म्या चुन्यावर सावली, निम्मा उघडा असं मोजायचं. मला शंका आहे की चुना ताजा असेल तर जाळीचा फायदा दीड-दोन अंशांपलीकडे जाणार नाही. कुणी जाळी आणि चुना दोन्ही वापरले असतील, तर संध्याकाळी सहाचं छताचं खालून घेतलेलं तापमान सांगा, सोबत बाहेरचा कोरडा-ओला आकडा. नुसतं 'खूप फरक पडतो' नको.