२७ टक्क्यांचा रिपोर्ट

कॉलेजची लेक्चर्स, प्रॅक्टिकल आटपून विद्यापीठाच्या लॅबमध्ये पीएच.डी. करणाऱ्यांना सिनॉप्सिसपर्यंत, म्हणजे प्रबंधाचा सारांश देईपर्यंत, सगळं कसंबसं निभावतं. खरी धाकधूक असते ती प्लेजिअरिझमच्या रिपोर्टची, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर आधी छापलेल्याशी जुळतो हे सॉफ्टवेअरनं रंगवून दाखवण्याची. माझा पहिलाच आला २७ टक्के. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत अडचण नाही. १० ते ४० मध्ये सापडलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द.

गाईड सरांना फोन केला. "टक्के काय बघत बसलायस? रिपोर्ट उघड की!" एवढंच म्हणाले.

मग शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. खर्डेकर ग्रंथालयात बसून रंगवलेली ओळ न् ओळ वाचली. माझं काम केमिकल बाथनं, म्हणजे रसायनांच्या द्रावणात काच बुडवून, केलेल्या कॅडमियम सल्फाइडच्या थिन फिल्मवर (पातळ थरावर). काच आधी डिटर्जंटनं, मग डिस्टिल्ड वॉटरनं, मग अ‍ॅसिटोननं धुतली, हे आमच्या क्षेत्रात कुणी लिहिलं नाही? एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) आणि त्यावरून स्फटिककणांचा आकार काढायच्या शेररच्या सूत्राचंही तेच. खरं तर प्रमाण सूत्रं, संदर्भसूची, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगानं जुळणं हे सगळं नियमानंच वगळता येतं. ते फिल्टर लावल्यावरच आकडा बराच उतरला. माझेच छापून आलेले पेपरही लाल होऊन आले होते. त्यांचा उल्लेख प्रकरणाच्या तोंडाशी केला आणि सरांचं पत्र जोडलं.

या दिवसांत 'टक्के उतरवून देतो' म्हणणारेही भेटले. त्यांच्या नादी लागू नका. शब्दाला शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं शोधनिबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' केलंय. २०२१ मध्ये फ्रेंच संगणकतज्ज्ञ गीयोम कबानाक आणि सहकाऱ्यांनी असले नमुने उघडकीला आणले.

उरलेला भाग मी लॅबची वही समोर ठेवून नव्यानं लिहिला. 'थर मिळाला' असं मोघम न लिहिता, बाथ कधी पिवळा पडायला लागला, कधी गढूळला, त्यानंतर काच आत ठेवली तर थर जाड होण्याऐवजी भुकटीसारखा कसा बसतो आणि कापसाच्या बोळ्यानं पुसला की बोळाच कसा पिवळा होतो, हे सगळं घातलं. प्रकरण दोन पानांनी वाढलं आणि रिपोर्ट १० च्या आत आला.

बाकी बाइंडिंग, चलन, सह्या हे सगळ्यांचं असतं तसंच.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान काढलं. थर एका जाडीनंतर वाढायचा का थांबतो, यावर बराच वेळ उलटसुलट विचारलं. द्रावणातच कण तयार व्हायला लागले की काचेवर बसायला आयन उरत नाहीत, हे मी फळ्यावर आलेख काढून सांगितलं. ते म्हणाले, "मग हे पेपरमध्ये का नाही दिलंत?" सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की तो पेपर लिहायला घेणार आहे.