एक आणि दोन मिळून शून्य

मंगळवार, रात्री साडेअकरा

आजची सगळी संध्याकाळ एका & पायी गेली.

वाडीतल्या वाचनालयासाठी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय. पुस्तक थकलंय आणि उशीरही झालाय, अशांची नावं आठवणीच्या यादीत यावीत, एवढंच त्याचं काम. सहाला वाचनालयातल्या काकूंचा फोन आला. "अरे, तीन पुस्तकं, सहा दिवसवाला यादीत आहे. एक पुस्तक, दोन दिवसवाला नाहीच!"

अटीत मी 'पुस्तकं & दिवस' लिहिलं होतं. कितीदा वाचलं तरी चूक दिसेना. शेवटी चौकटीची वही काढली आणि आकडे संगणकासारखे ०-१ मध्ये (बायनरीत) लिहिले, कारण हे चिन्ह दोन आकड्यांची घरं एकेक करून जुळवतं. १ म्हणजे ०१, २ म्हणजे १०. एकाखाली एक मांडले. उजव्या घरात वर १, खाली ०. डाव्या घरात वर ०, खाली १. दोन्हीकडे १ असलेलं घरच नाही, म्हणून उत्तर ०, आणि पायथॉनच्या लेखी ० म्हणजे खोटं. मग ३ आणि ६ मांडले: ०११, ११०. मधल्या घरात दोन्हीकडे १, उत्तर २, म्हणजे खरं. बहुतेक वेळा असंच जुळत होतं, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

इथे हवा होता पायथॉनचा 'अँड' (and) हा शब्द. तो घरं बघत नाही, अख्खी किंमत बघतो. डावी बाजू खोटी निघाली की तीच परत देतो, उजवीकडे ढुंकूनही बघत नाही. डावी खरी असली तर उजवी हातात ठेवतो, म्हणून '१ अँड २' चं उत्तर २. ते न बघणं फार मोलाचं आहे. 'यादीत कुणी आहे अँड पहिल्याचे दिवस सातच्या वर' ही अट रिकाम्या यादीवरही सुखरूप पार पडते. तिथे & घातला की तो दोन्ही बाजू आधी मोजायला जातो आणि नसलेलं पहिलं नाव मागून प्रोग्रॅम कोसळतो.

कंस विसरले तरी या चिन्हाचा असाच घोळ. 'दिवस > ७ & पुस्तकं > १' लिहिलं तर आधी '७ & पुस्तकं' होतं, तुलना नंतर.

पांडाजमध्ये (तक्ते हाताळायचं पायथॉनचं साधन) मात्र & च लागतो. तिथे अख्खा रकाना असतो, ओळीओळीला वेगळं उत्तर हवं असतं. 'अँड' एकच खरं-खोटं मागतो आणि एरर येते. महिन्याच्या अहवालात प्रत्येक तुलनेला कंस आहे का, ते उद्या सकाळी आधी बघायचं.

दहाला काकूंना नवी यादी पाठवली. एक पुस्तक, दोन दिवसवाला आता तिच्यात आहे.