कॅमेऱ्याला न सापडणारा मासा

संशोधन जहाजावर माझं काम ठरलेलं. जाळं वर आलं की माशांचे रंग उडायच्या आत फोटो काढायचे. मग ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये जातो, मासा फॉर्मलिनमध्ये. एरवी माझं भांडण खवल्यांच्या चकाकीशी असतं. फ्लॅश जरा हलला की अर्धा मासा पांढराफटक येतो. त्या रात्री मात्र उलटंच घडलं.

जाळं साधारण १,००० मीटरवरून आलं होतं. लालभडक कोळंबी, जेलीफिशच्या चिंध्या आणि त्या पसाऱ्यात मुठीएवढा एक काळा गोळा. आमच्या संशोधक मॅडमनी तो अलगद उचलला. "ओनिरोडीस. मादी आहे. आधी हिचे फोटो घे."

ओनिरोडीस म्हणजे कपाळावर गळ घेऊन फिरणारा अँगलरफिश. चित्रांमध्ये हा केवढा तरी राक्षस दाखवतात. प्रत्यक्षात ही बया माझ्या तळहातावर मावत होती. अंग पाणचट, लिबलिबीत. इतक्या खोलीवरून वर येऊनही ती फुगली नव्हती, कारण या माशांना वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवीच नसते. मॅडमनी चिमट्याने एक दात दाबून दाखवला. तो आतल्या बाजूला सहज लवला, बाहेरच्या बाजूला मात्र ढिम्म हलेना. एकदा तोंडात गेलेल्या भक्ष्याला परतीची वाट नाही.

तिला काचेच्या टाकीत ठेवलं, दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि फोटो काढला. पडद्यावर माशाच्या आकाराचं भोक! डोळा दिसेना, कल्ल्याची कड दिसेना. प्रकाश वाढवत नेला, तर पाण्यातला कणन् कण चांदण्यासारखा उजळला, मासा होता तसाच. "दिवे बदलून बघ," असं एक सहकारी म्हणाला. दिवे बदलून काय होणार? परत येणारा प्रकाशच नव्हता.

हा त्रास माझ्या एकटीचा नव्हे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या कॅरन ऑसबर्न यांनाही असे मासे कॅमेऱ्यात पकडता येईनात, आणि त्यातूनच संशोधन उभं राहिलं. २०२० साली त्यांच्या गटाने अशा 'अतिकाळ्या' माशांच्या १६ प्रजाती मांडल्या. या माशांची त्वचा पडलेल्या प्रकाशाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश परत पाठवते. त्यात सर्वांत काळा ठरला एक ओनिरोडीसच, निळ्या प्रकाशात जेमतेम ०.०४ टक्के.

यामागची रचना मला फार आवडते. त्वचेच्या वरच्या थरात मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या कणांची दाटीवाटी असते. कणांचा आकार असा, की जो प्रकाश शोषला जात नाही तो मागे फिरण्याऐवजी बाजूला, शेजारच्या कणाकडे ढकलला जातो. तिथून सुटला तर त्याच्या शेजारी. काही पक्ष्यांच्या गर्द काळ्या पिसांना यासाठी सूक्ष्म खाचाखोचा लागतात. माशाचं काम रंगद्रव्याच्या एका थरात भागतं.

पण जिथे सूर्यप्रकाश पोचतच नाही, तिथे इतकं काळं कशाला व्हायचं? कारण तिथला अंधार रिकामा नाही. तिथले कितीतरी जीव स्वतःचा प्रकाश पाडतात, त्या उजेडात शिकार शोधतात. त्वचेवरून परतणारा प्रकाश २ टक्क्यांवरून ०.०५ टक्क्यांखाली आला, तर मासा दिसण्याचं अंतर सहा पटींहून जास्त घटतं, असं त्याच अभ्यासातलं गणित आहे. हिच्या तर स्वतःच्याच नाकासमोर दिवा! गळाच्या टोकाच्या फुगवट्यात प्रकाश देणारे जिवाणू राहतात. त्या उजेडात मागचा जबडा दिसला, तर आमिषाकडे येईल कोण? चमकणारं भक्ष्य गिळल्यावरही भांडं फुटायला नको, म्हणून खोल पाण्यातल्या बऱ्याच माशांच्या पोटाचं अस्तरही काळं असतं.

शेवटी मी तिला पाण्याबाहेर काढून ट्रेमध्ये ठेवलं. ओल्या अंगावरच्या पाण्याच्या पापुद्र्याने थोडी चकाकी दिली, तेव्हा कुठे जबड्याची आणि परांची रेघ उमटली. जाळ्यात घासून बरगडीपाशी कातडी सोलवटली होती. तिथला फिका डाग मात्र पहिल्या फोटोपासून लख्ख आला होता.

मॅडमना हवा होता गळाच्या टोकाचा फोटो. ओनिरोडीसच्या प्रजाती मुख्यतः त्या फुगवट्यावरच्या बारीक उपांगांवरून ओळखतात. तो भाग काळा नसल्यामुळे फोटो सुरेख आला. त्यातच स्पष्ट दिसलं, की जाळ्याच्या ओढाताणीत उपांगं मुळापासून तुटली आहेत. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि लेबलवर पेन्सिलने लिहिलं: ओनिरोडीस, मादी, प्रजाती अनिश्चित.