शेरा: थेंब थेंब

पाच महिन्यांचा मुलगा, पाच दिवसांचा ताप. सर्दी नाही, खोकला नाही. अशा वेळी लघवी तपासायचीच असते, आणि तान्ह्या बाळाची स्वच्छ लघवी मिळवण्याइतकं चिकाटीचं काम आमच्या वॉर्डात दुसरं नाही. आधी कुणीतरी चिकटवायची पिशवी लावली होती. कल्चरमध्ये तीन प्रकारचे जंतू उगवले, म्हणजे बहुधा कातडीवरचेच. पिशवीचा रिपोर्ट चांगला आला तर उपयोगी. वाईट आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

मी तेव्हा नेमक्या याच विषयावरच्या अभ्यासात काम करत होते. 2017 साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती पडताळली होती: गार सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉझने बाळाच्या ओटीपोटाच्या खालच्या भागावर गोल गोल चोळायचं. पाच मिनिटांत 31 टक्के बाळांनी शू केली, नुसती वाट पाहिली तेव्हा 12 टक्के.

बाळाला आईने धरलं. एका हातात गॉझ, दुसऱ्या हातात निर्जंतुक डबी, स्टॉपवॉच पलंगावर. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष घड्याळाकडेच होतं. 3 मिनिटे 40 सेकंदांनी बाळाने तोंड लाल करून कुंथायला सुरुवात केली आणि शू आली. थेंब थेंब. मुलाची धार डबी चुकवून अंगावर येते म्हणून मी मागे सरकून बसले होते. इथे डबी अगदी खाली धरावी लागली. थांबली, पुन्हा दोन थेंब.

"नेहमी अशीच करतो का हो?"

"डायपरमध्ये कुठे दिसतं, डॉक्टर?"

ओटीपोटावर हात ठेवला तर मूत्राशय अजून टणक लागत होतं. त्याच दुपारी सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, मूत्राशयाची भिंत जाड. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं. कॅथेटर घातला, अँटिबायोटिक सुरू केलं. संसर्ग आटोक्यात आल्यावर एमसीयूमध्ये, म्हणजे मूत्राशयात रंगद्रव्य भरून लघवी होताना काढलेल्या एक्स-रेमध्ये, मूत्रमार्गातला जन्मजात पडदा दिसला. फक्त मुलग्यांत आढळणारा हा पडदा लघवीची वाट अडवतो. सर्जननी तो दुर्बिणीतून कापला. मूत्रपिंडांवर मात्र पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागणार होतं.

अभ्यासाच्या फॉर्मवर 'लागलेला वेळ' असा रकाना होता. धार कशी होती, याला जागाच नव्हती. मी समासात लिहिलं: थेंब थेंब, कुंथून. माहिती भरणाऱ्या मुलीने विचारलं, हे कुठे टाकू?

संगणकात ते बाळ आजही 'यशस्वी, 220 सेकंद' एवढंच आहे.