हॉलमधली विटांची भिंत उघडी केली : काम सहा दिवसांचं, परवानगी पावणेदोन महिन्यांची

हॉलमधल्या एका भिंतीचं प्लास्टर काढून विटा तशाच उघड्या ठेवायच्या, एवढंच होतं आमचं. जळगावातला जुना फ्लॅट, आरसीसी बिल्डिंग, भिंत आतली, साडेचार इंची, म्हणजे तिच्यावर कसलाच भार नाही.

मार्चच्या मध्यावर सोसायटीत अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, भिंत पाडताय ना, मग कमिटीपुढे ठेवावं लागेल. पाडत नाही हो काका, नुसतं प्लास्टर काढतोय, हे किती वेळा सांगितलं असेल. पहिल्या मीटिंगला कोरमच झाला नाही. दुसऱ्या मीटिंगला कुणीतरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागितलं. मागणी रास्त होती, जुन्या लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार असलेल्या इमारतीत तर त्याशिवाय भिंतीला हातच लावू नये, पण मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? इंजिनिअर आले, बीम-कॉलम बघितले, पत्र दिलं, मी ते त्याच संध्याकाळी ऑफिसात नेऊन दिलं आणि तिथे ते ड्रॉवरमध्ये एकोणीस दिवस पडून राहिलं. विचारायला गेलो की 'बघतो'. तेवढ्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, अर्धी कमिटी गावाला. शेवटी मिळालेलं मंजुरीचं पत्र दोन ओळींचं! अर्जाच्या कॉपीवर तारखेसकट पोच घ्या, मी घेतली नव्हती, त्यामुळे 'तुमचा अर्ज कधी आला' इथूनच दर वेळी सुरुवात.

या सगळ्यात मार्चचं काम मे महिन्यात आलं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि घरात कूलर लावायची सोय नाही, लावला की सगळी धूळ घरभर. आईला मामाकडे भुसावळला पाठवावं लागलं.

मिस्त्री चांगला भेटला. आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, पयले कोपरा खोदी देख, मंग ठरव." तसंच करा, हातभर जागा खोदून बघा. दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र जवळ असल्यामुळे आपल्याकडे नव्या बांधकामात राखेच्या विटा सर्रास असतात, प्लास्टर निघाल्यावर लाल विटेऐवजी करडी भिंत दिसेल. आमच्या विटा लाल निघाल्या, एकीवर तर वीट थापणाऱ्याच्या बोटांचे तीन ठसे आहेत. सिमेंटचं प्लास्टर घट्ट धरतं, मशीन लावलं की विटेचा चेहराच उडतो, म्हणून छन्नी-हातोडीनेच सावकाश काढून घेतलं, तरी दहा-बारा विटा फुटल्या. मग तारेचा ब्रश मारून विटांमधल्या सांध्यांच्या फटी (दर्जा) भरल्या.

हो, प्लास्टर काढायच्या आधी त्या भिंतीतल्या वायरिंगचे पाईप कुठून गेलेत ते बघून घ्या, आमचा एक बरोबर मधोमध निघाला आणि इलेक्ट्रिशियनचे दोन दिवस वाढले. बाहेरच्या भिंतीचं बाहेरून प्लास्टर मात्र कुणी काढू नका, पावसाचं पाणी सरळ आत येतं.

खालच्या दोन थरांवर अजून पांढरा क्षार येतोय. कोरड्या ब्रशने झाडतो. तो यायचा थांबल्याशिवाय सीलर (विटांवरचा संरक्षक लेप) मारू नका असं मिस्त्रीने बजावलंय, त्यामुळे मॅट सीलरचा डबा आणून ठेवलाय तो तसाच आहे.